आक्काचा फोन चालू होता



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. दशलक्षण पर्व झालं, मग पाहुणेरावळे, मग दिवाळीचा फराळ, आणि बघता बघता लिहायचं राहूनच गेलं. आज लिहायला बसले आहे ते एका साध्या बटणाच्या फोनबद्दल. विषय घरगुतीच आहे, पण या फोनानं आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या बहिणींना तीन आठवडे एकमेकींपासून तोडलं होतं. तुमच्याही घरी असा फोन असेलच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. त्यांची थोरली बहीण निपाणीला असते. तिला आख्खं घर आक्का म्हणतं, मीही आक्काच म्हणते. दोघींकडे बटणाचे साधे फोन. आईंचा फोन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात जपमाळेजवळ असतो. त्याला एक लाल दोरी बांधलेली आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे दिवस मावळायच्या आतलं जेवण उरकायच्या जरा आधी, या दोघींचा फोन ठरलेला. एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. बोलणं काय, तर आज भाजी काय केली, गुडघा कसा आहे, मंदिरात कोण भेटलं. पाच मिनिटांत संपतं. पण ती पाच मिनिटं झाली नाहीत तर आईंना जेवण गोड लागत नाही.

श्रावण संपत आला होता. एका संध्याकाळी आक्काचा फोन आला नाही. पाळी तिची होती. आईंनी वाट बघितली आणि आपणच लावला. पलीकडून कानडीत एक बाई काहीतरी बोलली, मग इंग्रजीत बोलली आणि फोन कट झाला. मी ऐकलं तर फोन बंद आहे किंवा रेंजच्या बाहेर आहे असं ती सांगत होती. आम्ही म्हटलं, चार्जिंग संपलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मग मी आक्काच्या नातवाला मेसेज केला. त्याचं उत्तर लगेच आलं. "आज्जी एकदम मजेत आहे काकू. फोन चालू आहे की, कालच चार्ज करून दिलाय."

खरं सांगते, या उत्तरानंच सगळा घोटाळा केला. फोन बिघडला आहे असं तो म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता. पण फोन चालू आहे, आक्का बरी आहे, आणि तरी आमचा फोन लागत नाही. आईंनी याचा अर्थ त्यांच्या मनानं लावला. उन्हाळ्यात एका लग्नात आहेराच्या साडीवरून दोघींत जरा शब्दाला शब्द झाला होता. आई म्हणाल्या, "तिच्या मनातनं अजून गेलं नाही ते. आपली वेळ झाली की बंद करून ठेवत असणार."

मी समजूत घातली, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी पुन्हा नातवाला विचारायला संकोचले. घरातलं भांडण पोरासोरांपुढे कशाला, असं वाटलं. दशलक्षण पर्व सुरू झालं. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. आई मंदिरातून आल्या आणि काही न बोलता कोनाड्याकडे बघत बसल्या. त्या दहा दिवसांत त्यांनी एकाशनं केली, पूजा केली, सगळं केलं, पण साडेपाच वाजले की त्यांचं लक्ष उडायचं.

अनंत चतुर्दशी झाली. क्षमावाणीला आपण सगळ्यांना फोन करतो, भेटतो, जाणता अजाणता चुकलं असेल तर क्षमा मागतो. आई म्हणाल्या, "फोनवर मागायची सोयच ठेवली नाही तिनं. मला घेऊन चल." मग रविवारी आम्ही विट्याहून तासगाव, सांगली, कोल्हापूर करत निपाणीला गेलो.

आक्का दारातच उभी होती. आईंनी हात जोडले आणि बोलायच्या आत आक्काच रडायला लागली. म्हणाली, "तूच फोन करायचा सोडलास की गं! मी लावला की टूं टूं करून कट करतीस. एवढं काय माझं चुकलं?"

आई बघतच राहिल्या. मी म्हटलं, आक्का, तुमचा फोन बघू जरा.

फोन चांगला होता. उजेड लागत होता, वेळ बरोबर होती, बॅटरी भरलेली होती, टॉर्च आणि रेडिओ चालत होता. पण वरच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या नव्हत्या, आणि मध्ये बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली". म्हणजे फक्त अडीअडचणीचा सरकारी नंबर लागेल, बाकी काही नाही. आक्काला इंग्रजी वाचता येत नाही. नातवानं चार्जिंग बघितलं होतं, ती ओळ बघितली नव्हती.

मग मला एक सुचलं. आईंच्या फोनातलं सिम काढून आक्काच्या फोनात घातलं. पटकन काड्या आल्या. आक्काचं सिम माझ्या मोठ्या फोनात घातलं, तिथंही काड्या आल्या आणि पाठोपाठ मेसेजची रांग लागली. म्हणजे फोनही चांगला आणि सिमही चांगलं. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, एवढंच.

नातवाला बोलावलं तेव्हा उलगडा झाला. श्रावणात त्यानं घरातले सगळे नंबर एकाच कंपनीत आणले होते, सगळ्यांचं रिचार्ज एका जागी व्हावं म्हणून. आक्काचा नंबरही बदलला. नवं सिम त्यानं आधी स्वतःच्या फोनात घालून सुरू केलं, एक फोन लावून बघितला आणि मग आज्जीच्या फोनात घालून दिलं. पोराचा हेतू चांगलाच होता. पण ती कंपनी फक्त फोर-जीवर चालणारी, आणि आक्काचा फोन टू-जीचा. बिचारा खजील झाला. क्षमावाणीचाच आठवडा, त्यालाही क्षमा मिळाली!

विट्याला परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. त्यानं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपण म्हणतो फोन माझा. पण फोन म्हणजे अर्धीच वस्तू. उरलेला अर्धा भाग टॉवरवर असतो आणि तो कंपनीचा असतो. टॉवर एका भाषेत बोलतो, फोनला ती भाषा यावी लागते. टू-जी ही जुनी भाषा, मग थ्री-जी आली, फोर-जी आली, आता फाइव्ह-जी. नव्या फोनांना जुन्या भाषाही येतात. जुन्या फोनाला मात्र नवी भाषा शिकवता येत नाही. टॉवरवरची जुनी भाषा बंद झाली की फोन कितीही ठणठणीत असो, तो मुका होतो. निपाणीचं उदाहरण तर समोरच आहे. तिथं एकाच गल्लीत मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, पण ज्याला एकच येते तो दुसऱ्याच्या दारात नुसता उभा राहतो.

मग टॉवरवर जुनी भाषा ठेवायला काय हरकत आहे? मीही हेच विचारलं. तर ज्या लहरींवर हे सगळं चालतं त्या मोजक्याच असतात. सरकार त्यांचा लिलाव करतं आणि कंपन्यांना त्या महाग पडतात. त्याच लहरींवर टू-जीपेक्षा फोर-जीत कितीतरी जास्त काम होतं. शिवाय जुनी यंत्रं सांभाळायला वीज आणि माणसं लागतात. म्हणून कंपन्या जुनं बंद करून ती जागा नव्याला देतात.

आज आपल्याकडे स्थिती अशी आहे. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली तीच फक्त फोर-जीवर. तिच्याकडे टू-जी आणि थ्री-जी कधी नव्हतंच. एअरटेलनं २०१९-२० मध्ये थ्री-जी बंद केलं. व्होडाफोन-आयडियानंही थ्री-जीच्या लहरी फोर-जीकडे वळवल्या. पण एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल या तिघांचं टू-जी आपल्या भागात अजून चालू आहे. म्हणून आईंचा फोन आजही वाजतो. गंमत बघा, मधलं थ्री-जी गेलं आणि त्याच्या आधीचं टू-जी राहिलं. कारण टू-जीवर अजून कोट्यवधी साधे फोन आहेत.

सगळ्या देशाचं टू-जी एका ठरावीक दिवशी बंद करायची तारीख सरकारनं काढलेली नाही. पण २०२० साली, देशातल्या पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षं झाली तेव्हा, मुकेश अंबानींनी टू-जी इतिहासजमा व्हावं असं जाहीरपणे म्हटलं होतं. तो पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला मंत्री सुखराम यांना केला होता. तेव्हा आपल्याकडे साध्या फोनवरून मुंबईला ट्रंक कॉल लावला तर दुपारची संध्याकाळ व्हायची.

तसं बघितलं तर आपल्या पिढीनं अशा कितीतरी गोष्टी बंद पडताना बघितल्या आहेत. विटा आणि आसपासची गावं म्हणजे गलाईवाल्यांची. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं सगळ्या देशभर पांगलेली. त्यामुळे इथल्या बायकांचा जीव कायम कुठल्यातरी लांबच्या गावात अडकलेला. पूर्वी तार यायची. तार आली म्हटलं की उघडायच्या आधीच शेजारपाजार गोळा व्हायचा. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. एसटीडीचे पिवळे बूथ गेले. २००३ मध्ये रिलायन्सनं ५०१ रुपयांत मोबाईल द्यायला सुरुवात केली आणि गल्लीगल्लीत फोन आले. त्या फोनांत सिमच नसायचं, नंबर फोनातच भरलेला असायचा. त्या पद्धतीला सीडीएमए म्हणायचे. पुढे ती पद्धतच मागे पडली. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं १ डिसेंबर २०१७ पासून मोबाईलवरचे साधे कॉलही थांबवले. लोकांनी नंबर दुसऱ्या कंपनीत नेले, पण ते बिनसिमचे फोन कुठल्याच कंपनीत चालले नाहीत. आमच्या माळ्यावर तसा एक अजून आहे.

आणि चायना मोबाईल आठवतात का? मोठ्ठा आवाज, दोन सिम, वर लखलखणारे दिवे. माझ्या धाकट्या दिरांकडे होता. मंदिरात चुकून वाजला की सगळे वळून बघायचे. प्रत्येक फोनाला एक ओळख क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. त्या फोनांपैकी बऱ्याच फोनांना तो नव्हताच. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सरकारनं सांगितलं की १ डिसेंबर २००९ पासून हा क्रमांक नसलेले फोन चालू ठेवायचे नाहीत. तेव्हा १९९ रुपयांत खरा क्रमांक भरून देण्याची सोय निघाली होती. म्हणजे फोन मुका होण्याचं हेही एक कारण. फोनला भाषा येत होती, पण टॉवर त्याला ओळखत नव्हता.

आता कामाचं सांगते, कारण नुसत्या आठवणी सांगून उपयोग नाही.

घरातल्या ज्येष्ठांचा फोन हातात घ्या आणि त्यावरून खरोखर एक फोन लावून बघा. उजेड लागतो म्हणजे फोन चालू, असं धरू नका. वरच्या काड्या बघा. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा असेल तर त्याच कंपनीचं एखाद्याचं चालू सिम आधी त्या जुन्या फोनात घालून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं असतं तर तीन आठवड्यांचा मनस्ताप वाचला असता. आणि एकदा नंबर नेला की नव्वद दिवस पुन्हा दुसरीकडे नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आक्काच्या बाबतीत आम्हाला हीच अडचण आली.

फोनावर फोर-जी लिहिलं आहे म्हणून निश्चिंत राहावं, असंही नाही. काही जुने फोन इंटरनेट फोर-जीवर चालवतात, पण बोलायची वेळ आली की गुपचूप टू-जीवर उतरतात. फोर-जीवरच बोलता यावं यासाठी फोनात वेगळी सोय लागते, तिला व्होल्टी म्हणतात. हे ओळखायची सोपी खूण आहे. फोन लावा आणि बोलणं चालू असताना स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बघा. फोर-जी किंवा व्होल्टी तसंच राहिलं तर ठीक. बोलणं सुरू झालं की तिथं टू-जी किंवा नुसतं इंग्रजी ई आलं, तर तुमचं बोलणं अजून जुन्या टॉवरच्या भरवशावर आहे. कधी कधी सोय असते पण सेटिंगमध्ये बंद असते, ती चालू करून घ्या.

कुणी जुना फोन विकत घेत असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणं दाबायला सांगा. ओळख क्रमांक दिसतो. दिसला नाही तर तो फोन घेऊच नका.

बीएसएनएलवाल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी देशभर सुरू झालं, सुमारे ९७,५०० टॉवर सांगितले गेले. पण तुमचं सिम जुनं असेल तर फोन नवा घेऊनही फोर-जी मिळणार नाही. सिम फोर-जीचं बदलून घ्यावं लागतं. नंबर तोच राहतो.

परदेशातून आलेल्या फोनांचंही असंच. माझ्या जाऊबाईंना त्यांच्या लेकानं अमेरिकेहून आयफोन पाठवला. दुकानात नेला तर सिम घालायला जागाच सापडेना! २०२२ पासून अमेरिकेत आलेल्या बहुतेक नव्या मॉडेलच्या आयफोनांत सिमची खाचच नाही, ई-सिम चालतं, म्हणजे नंबर फोनातच उतरवून घ्यायचा. आपल्याकडे ते मिळतं, पण मागावं लागतं. शिवाय तिथल्या कंपनीचं कुलूप फोनला असेल तर ते तिथूनच काढून घ्यावं लागतं. म्हणून लेकरांनी जुना फोन पाठवायच्या आधीच हे दोन प्रश्न विचारून घ्या. आणि आपण तिकडे जाणार असू तर उलट काळजी. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी बंद झालं. ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंद करायला घेतलं, आणि तिथं तर अडीअडचणीचा नंबर फोर-जीवरून लावू न शकणारे फोन जोडूनच द्यायचे नाहीत असा नियम केला. नातवंडं बघायला जाणाऱ्या आजीच्या पिशवीत आपला विश्वासू बटणाचा फोन असेल, तर तिथं तो नुसता घड्याळ म्हणून राहील.

आणखी एक जागा जी कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे विहीर. आपल्या खानापूर तालुक्यात टेंभूचं पाणी आल्यापासून मोटारी वाढल्या. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून बऱ्याच जणांनी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. घरातून फोन लावायचा आणि मोटार सुरू करायची. त्या डबीत एक सिम असतं आणि बऱ्याच डब्या टू-जीच्या आहेत. घरातल्या सगळ्यांचे नंबर बदलताना त्या डबीचं सिम बदललं, तर मोटार सुरूच होणार नाही आणि माणूस मोटार जळली म्हणून मेकॅनिकला बोलावेल. आमच्या ह्यांनी हे ऐकलं आणि आधी शेतावर जाऊन आमची डबी बघून आले.

पुष्कळ जणी म्हणतील, एवढा घोळ कशाला, टाकून द्या तो डबडा फोन आणि घ्या मोठा. मलाही तसं वाटायचं. पण आक्काच्या बोटांना त्या बटणांची सवय आहे. तिला दिसतं कमी, पण दोनचं बटण दाबून धरलं की विटा लागतं हे तिला अंधारातही येतं. मोठ्या फोनाच्या काचेवर तिचं कोरडं बोट चालत नाही, आणि चाललं तर भलतीकडेच जातं. आणि आपण अपरिग्रह म्हणतो तेव्हा चांगली चालणारी वस्तू नुसती जुनी झाली म्हणून टाकणं मनाला पटत नाही. एका बाजूला हेही खरं की फोन चांगला असूनही टॉवर बदलला तर तो धरून बसण्यात अर्थ नाही. मग तोही मोहच झाला. मी बरेच दिवस या दोन्हींच्या मध्ये घुटमळले. शेवटी मला एवढंच कळलं की आक्काला सांभाळायचं होतं ते तिचं साडेपाचचं बोलणं. फोन त्यासाठी.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. बटणाचाच, पण फोर-जीवर बोलता येणारा फोन घेतला. असे फोन मिळतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. जिओनं २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा असा फोन काढला, पण त्यात त्यांचंच सिम चालतं. नोकियासारख्या कंपन्यांचेही फोर-जीचे बटणाचे फोन आहेत, त्यांत कुठलंही सिम चालतं. घेताना दुकानदाराला एवढंच विचारायचं, "बोलणं फोर-जीवर होतंय का? कुठलंही सिम चालतंय का?" आणि आपलं सिम तिथंच घालून एक फोन लावून बघायचा. नवा फोन घरी आणल्यावर दोनच्या बटणावर विट्याचा नंबर आधी भरला, बाकीचं नंतर.

रिचार्जचंही सांगते. आपल्या सासवांना इंटरनेट नको असतं, तरी त्याचे पैसे भरावे लागायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की फक्त बोलणं आणि मेसेज एवढंच असलेलं रिचार्जही कंपन्यांनी ठेवलं पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येते. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, आपण विचारायचं. ज्येष्ठांचा नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. आधार, बँक, गॅस, सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं.

राहिला आक्काचा जुना फोन. तो आम्ही फेकला नाही. तिच्या उशाशी टॉर्च आणि रेडिओ म्हणून आहे. पण ज्यांचे फोन अगदीच निकामी झाले असतील त्यांनी ते कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नयेत. बॅटरी फुगते, फुटते, आणि मातीतल्या जिवांना विष होतं. आत सोन्याचा पातळ मुलामा असतो म्हणून काही जण ॲसिडनं तो काढायला बघतात. गलाईच्या गावात राहून त्या धुराचं मी वेगळं काय सांगावं? ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या, नाहीतर नवा फोन घेताना जुना दुकानात द्या.

एवढं सगळं झाल्यावर एके दिवशी आई भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "मी तीन आठवडे तिच्याबद्दल वाईट चिंतलं गं. आणि ती बिचारी तिकडं माझ्याबद्दल चिंतत बसली. दोघींचा दोष काहीच नव्हता."

मी म्हटलं, "आई, मीही तेच केलं. नातवाला दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

हे मात्र मला लागून राहिलं आहे. फोन लागला नाही की आपण रेंज गेली म्हणतो, पण मनात आधीच काही असलं तर रेंजच्या जागी राग दिसायला लागतो. पलीकडचा माणूस रुसला आहे, मुद्दाम बोलत नाही, असं आपण ठरवून टाकतो. क्षमावाणीला आपण बोललेल्या शब्दांची क्षमा मागतो. मी यंदा आक्काची क्षमा मागितली ती न बोललेल्या गोष्टीसाठी, मनातल्या मनात तिच्यावर जो आळ घेतला त्यासाठी. तिला ते कळलं की नाही माहीत नाही. ती म्हणाली, "असू दे गं, फोनाचंच होतं सगळं."

तुम्हीही आज एक काम करा. तुमच्या सासूबाई, आई, आत्या, मावशी, ज्यांचे फोन जुने आहेत, त्यांना एकेक फोन लावा. आणि त्यांनाही तुम्हाला एक फोन लावायला सांगा, कारण दोन्ही बाजूंनी लागला तरच तो चालू. कुणाचा लागला नाही तर आधी काड्या बघायला सांगा.

आता पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत. आई हात धुऊन कोनाड्याजवळ येऊन बसल्या आहेत. आज पाळी आक्काची. मी इथंच थांबते.